आधी भाग मोजा

सुभेदार गेले तो मंगळवार होता. सकाळी सहा वाजता शिट्टी वाजली नाही. सव्वासहाला त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, माझं दार वाजवलं.

पडेगावातल्या आमच्या गल्लीत गजराच्या घड्याळाची गरज कुणालाच नव्हती. समोरच्या गच्चीवर सुभेदार सहाच्या ठोक्याला शिट्टी फुंकत आणि सगळी गल्ली, मनातल्या मनात त्यांना काहीबाही बोलत, उठून बसे. फौज सोडून त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, पण हे शिट्टीला कुणी कळवलं नव्हतं. ती कायम गळ्यातल्या दोरीला असे. फक्त आंघोळीपुरती खुंटीवर.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा राहतो, बोलतो कमी. मला ते ‘लायब्ररी’ म्हणत. आमची मैत्री कशी जमली याचं गल्लीला नवल वाटे, पण त्यांच्याकडे त्याचं साधं कारण होतं. “तुमची लायब्ररी आन आमचं कोत एकच बघा,” ते म्हणत. कोत म्हणजे पलटणीचं हत्यारघर. “दिलेली चीज मोजून परत आली पायजे. नाय आली तर झोप नाय.” तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं नेमकं कुणी समजून घेतलं नव्हतं.

व्हिडिओचं वेड वहिनींच्या भाचीमुळे लागलं. निवृत्त फौजी फोनवर पलटणीच्या आठवणी सांगतात, हत्यारांची माहिती देतात, हे तिने एका दुपारी दाखवलं. सुभेदारांनी ते सगळं उभ्याने पाहिलं. “ह्याला बंदूक धरता येत नाय,” एवढाच निकाल दिला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. “लायब्ररी, तुमी फोन धरायचा. हात हलला तर पैल्यापासून.”

घरात हत्यार नव्हतं, म्हणून पहिल्या व्हिडिओत छत्री होती. “जय हिंद, जय भीम,” सुभेदारांनी कॅमेऱ्याला सलाम ठोकला. “कोणतंबी हत्यार हातात आलं की पैल्यांदा ते खाली, म्हंजे रिकामं, हाय का बघायचं. हयगय चालणार नाय.” आणि त्यांनी छत्री आभाळाकडे धरली, उघडली, आत नीट पाहिलं, मिटली. मागून वहिनींचा आवाज आला, “मी काय भरून ठिवली होती व्हय ती?” तो आवाज व्हिडिओत तसाच आहे. काढू का म्हणून मी विचारलं होतं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तपासणी झाल्याचा साक्षीदार पायजे.”

आठवणींची अडचण वेगळी होती. गुप्तता पाळायची शपथ त्यांनी विशीत घेतली होती आणि ती परत घ्यायला कुणी आलं नव्हतं. त्यामुळे त्यांची प्रत्येक हकिकत अशी सुरू होई : “एका साली, एका ठिकाणी, एका नदीच्या काठाला आमी काही लोक होतो.” किती लोक, तेही सांगत नसत. मी एकदा म्हटलं, “सुभेदार, ते ठिकाण शाळेच्या नकाशात आहे.” “असंल,” ते म्हणाले, “पण माझ्या तोंडून नाय.” कुणी तरी व्हिडिओखाली विचारलं, साहेब, हे कोणत्या राज्यात? सुभेदारांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं : भारतात.

लोकांना लढाई हवी असे. सुभेदार मोज्यांवर बोलत. बर्फातल्या तैनातीवर त्यांनी तीन व्हिडिओ केले, तिन्ही मोज्यांवर. “पैला शत्रू वला मोजा,” ते बोट उगारून सांगत. “समोरचा शत्रू नंतर. त्याचा मोजा वला झाला की तो बी आपसूक हटतो.” बघणारे पंधरावीस जण. बहुतेक त्यांच्याच हाताखालचे जुने जवान. ते मोज्याच्या व्हिडिओखालीसुद्धा लिहीत, जय हिंद साहेब, तुमच्यासारखा उस्ताद होणे नाही. सुभेदार हे शेरे चष्मा पुसून वाचत, मग दुसऱ्यांदा वाचत, आणि फोन माझ्याकडे देताना म्हणत, “उगं काहीबी लिवतात.”

पुढे छावणीतले खान हवालदार येऊन बसू लागले. ते तोफखान्यातले. कान तोफांना देऊन आलेले, त्यामुळे बोलणं गल्लीच्या टोकाला ऐकू जाई, आणि शपथेचं त्यांना काही वाटत नसे. “अरे साब, पूरी दुनिया कू मालूम है, तुम कायकू छुपाते?” म्हणत ते धडाधड गावांची नावं घेत. सुभेदारांनी तोड काढली. खान हवालदारांनी नाव घेतलं रे घेतलं की ते शिट्टी फुंकत. दोघांची मिळून पाऊण तासाची एक मुलाखत आहे. तिच्यात निम्मा वेळ शिट्टी आहे. शेवटी खान हवालदार विचारतात, “कोई बारात जा रही क्या?”

मग मिक्सरचा दिवस आला. डोळ्यांवर पट्टी बांधून हत्यार खोलायचं आणि जोडायचं, यात सुभेदारांचा हात पलटणीत कुणी धरत नसे. ते दाखवायला त्यांनी वहिनींचा मिक्सर घेतला. पट्टी बांधली, एकेक भाग मोजत चादरीवर मांडला. चौदा भरले. मग जोडायला घेतलं. मिक्सर उभा राहिला, पट्टी सुटली, आणि चादरीवर एक वायसर राहिला होता.

मी हसलो. खान हवालदार म्हणाले, “एक वायसर से क्या होता साब, चलता वो.”

“चलत नाय,” सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मिक्सर परत खोलला. चारदा खोलला. दुपार टळली. वहिनींनी निषेध म्हणून पाटा काढला आणि आम्हाला ऐकू येईल अशा बेताने चटणी वाटली. वायसर बसला तेव्हा खान हवालदार निघून गेले होते. सुभेदार चादरीची घडी घालत मला म्हणाले, “लायब्ररी, एकदा एक भाग उरला होता. तवा मी गप बसलो.”

ते पलटणीत नायकाच्या हुद्द्यावर होते तेव्हाची गोष्ट. नव्या जवानांना दाखवायला त्यांनी कचरू नावाच्या शिपायाची रायफल पट्टी बांधून खोलली, जोडली, टाळ्या घेतल्या. संध्याकाळी कोतात मोजणी झाली तर त्या रायफलीत पिन नव्हती. कचरूने हरवली, असा अहवाल नायकांनीच दिला. कचरूला अठ्ठावीस दिवस कैद झाली, रजा रद्द झाली. आठवड्याने सुभेदारांना पिन सापडली. स्वतःच्याच खिशात, नळी पुसायच्या चिंधीत गुंडाळलेली. ती त्यांनी कोताच्या पेटीत गपचूप टाकली. पुढे कचरूची बदली झाली.

“अजिंठ्याच्या बाजूचा होता. दोनदा पत्र लिवलं, पेटीत टाकलं नाय,” ते म्हणाले. “हे व्हिडिओ कशापायी काढतो मी? कुठं तरी तो बघंल म्हणून. पण मोज्याच्या फुडं जीभ सरकत नाय.”

मला त्यांची अडचण समजत होती. नाव आणि ठिकाण घेतल्याशिवाय कचरूला कळणार नव्हतं, आणि घेतलं की ते पंधरावीस जण ऐकणार होते, ज्यांचे शेरे ते दोनदा वाचत.

पुढच्या रविवारी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. “मधी वाजवायची नाय,” म्हणाले. मग कॅमेऱ्यासमोर सावधान उभं राहून त्यांनी साल सांगितलं, ठिकाण सांगितलं, कचरूचं नाव सांगितलं, आणि पिन कुणाच्या खिशात होती ते सांगितलं. चार मिनिटं. छत्री नाही, मोजे नाहीत. ते ठिकाण मी इथे लिहीत नाही. मलाही सवय लागली आहे.

शिट्टी परत घ्यायला ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पाच कमी असताना आले.

दोन दिवस व्हिडिओखाली कुणी काही लिहिलं नाही. “गेली पलटण,” सुभेदार म्हणाले. तिसऱ्या दिवशी एका जुन्या जवानाने लिहिलं : मोजून घ्यायला पाहिजे होतं साहेब. सुभेदारांनी चष्मा पुसला. “बरोबर लिवलंय,” म्हणाले.

महिन्याभराने फाटकापाशी एक उंच म्हातारा उभा राहिला. हातात एसटीचं तिकीट तसंच. “सुभेदार झाले म्हणं तुमी,” तो म्हणाला. “मी शिपाईच ऱ्हायलो.”

“कचरू,” सुभेदार म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडलं.

“व्हय. पोरीनं दाखिवलं फोनात. मिक्सर कुठाय?”

सुभेदारांच्या डोळ्यांवर पट्टी कचरूंनी स्वतः बांधली, चांगली आवळून. सुभेदार खोलत आणि जोडत होते, कचरू मोठ्याने मोजत होते. चौदाच्या चौदा बसले. खान हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. कचरू म्हणाले, “थांबा. आता खिसे.” आणि त्यांनी खरोखर झडती घेतली. रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं, वहिनींना चोरून ठेवलेल्या दोन आलेपाकाच्या वड्या निघाल्या. “चिंधी नाय?” “नाय.” “बरं.”

सुभेदार माफीचं काही बोलू लागले. कचरूंनी हात वर केला. “मला नगं. माझी बहीण बिडकीनला ऱ्हाती. तिच्या लग्नाला मी आलो नाय. भावानं हाताला येईल ती थाप मारली, रजा नव्हती म्हणून, असं अजून धरून बसलीय. तिला सांगा.”

फोन लावला. खान हवालदारांना ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा केला होता, म्हणून सगळं आम्हीही ऐकलं. सुभेदार टाचा जुळवून उभे होते. त्यांनी पिनेपासून पेटीपर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, “मंग चाळीस वर्सं मुके होते का?”

“व्हय ताई.”

“हळदीला त्याचा पाट रिकामा ठिवला होता मी.”

“व्हय ताई.”

“त्याला द्या फोन.”

कचरूंनी फोन घेतला, आवाज बारीक करायला मला सांगितलं, आणि मागच्या जांभळाखाली जाऊन उभे राहिले. चहा दोनदा गरम करावा लागला. खान हवालदार पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “साब, आज तुमकू बराबर सीनियर मिला.”

त्यानंतर सुभेदार चार महिने होते. रोज सहाला शिट्टी वाजली, थोडी जास्तच जोरात.

शिट्टी आता माझ्या कपाटात आहे. वहिनींनीच आणून दिली. व्हिडिओ एक्केचाळीस आहेत. कचरू महिन्यातून एकदा येतात. खान हवालदार अजून गावांची नावं घेतात, आणि नाव घेतलं की क्षणभर थांबतात. मिक्सर चालतो.