साहेबाची अष्टमी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मामा कारखान्यात युनियनचं काम करायचा. उरलेले गठ्ठे आमच्याकडे टाकायचा. अक्षरओळख मला त्यांतून झाली. त्यामुळे ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला फार लवकर लिहिता आले, आणि विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागले. विषय एकच: तारापूरजवळची आमची खाडी. वडिलांच्या जाळ्यात मेलेले, रॉकेलचा वास मारणारे मासे येत. आई बोईसरच्या कॉलनीत पाटी घेऊन जाई आणि दारोदारच्या शिव्या खाऊन भरल्या पाटीनं परत येई. कारखान्याचे लोक म्हणत, हा गाळाचा परिणाम आहे. चीड आणणारी गोष्ट ही की आमचे लोकही तेच म्हणत. उधाणात तळ ढवळतो, गाळानं मासा मरतो. समुद्रावर इतका विश्वास, की दोषही त्यालाच.

आईच्या गिऱ्हाइकांत एक साहेब होता. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यातला. त्याला गळाची हौस. परदेशातून चाकाची काठी आणलेली, पण एडवणच्या किनाऱ्यावर तीन रविवार बसून हाती काही लागलं नव्हतं. भाद्रपदातल्या एका दुपारी तो काठी घेऊन आमच्या घरी आला.

“मावशी म्हणाली, तुमची बोट आहे. तांडेल, मला एकदा मोठा मासा धरायचाय. कधी जायचं ते सांगा,” तो वडिलांना म्हणाला.

मासा धरून काय करणार, असं मी विचारलं.

“फोटो काढणार,” तो हसत म्हणाला.

माझ्या आईची पाटी विकली जात नव्हती आणि याला फोटो हवा होता. मी तोंड उघडणार, तर आईनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि डोळ्यांनीच दटावलं.

वडिलांनी मात्र मनापासून सगळं सांगितलं. नारळी पुनवेआधी बोट पाण्यात जात नाही. आता गेली, तरी अजून नद्यांचं गढूळ पाणी आहे. दसऱ्यानंतर पाणी निवळतं, मग खडकापाशी घोळ, दाढा असे मोठे मासे येतात. “कार्तिकातली अष्टमी धरा, साहेब. भांगाचं पाणी. वढ कमी, गळ जागेवर ऱ्हातो.”

“अष्टमीला सुट्टी कुठली? रविवार सांगा ना.”

“दर्याला रविवार नसतो,” आई म्हणाली.

साहेब मोठ्यानं हसला. वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, बोटं मोजली. “मग अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी रविवार हाय. उधान हाय, पन खाडीच्या तोंडाशी बगू.”

“छे छे, तेव्हा नको,” साहेब चहा फुंकत म्हणाला. “अमावास्येला आमची सांडपाण्याची टाकी खाडीत सोडतात. पौर्णिमेलाही. मोठी ओहोटी सगळं लांब घेऊन जाते. दोन दिवस तिकडे मासा कसला मिळतोय!”

इतक्या सहज. पावसाचा अंदाज सांगावा तसं.

वडिलांनी कॅलेंडर त्याच्यापुढे धरलं. ज्या दिवशी जाळ्यात मेलेला मासा आला, त्या दिवशी ते पेन्सिलीनं फुली मारत. प्रत्येक फुली अमावास्येच्या नाहीतर पुनवेच्या पाठोपाठची होती. साहेबानं पानं उलटली आणि कप खाली ठेवला.

“हे कशाला लिहून ठेवलंत?”

“पाच वर्सं आमी दर्याला शिव्या दिल्या, साहेब,” वडील म्हणाले.

“च्या संपवा की,” आई म्हणाली. “पानी आमच्या हिरीचं हाय, खाडीचं नाय.”

तो चहा टाकून गेला.

त्या रात्री मी लिहिलेल्या पत्रकात ‘जाहीर निषेध’ नव्हता. फक्त तिथी होत्या, वडिलांच्या फुल्या होत्या आणि साहेबाचं वाक्य. पाम गावापासून बोईसर स्टेशनपर्यंत मी ते स्वतः वाटलं. कारखान्यानं खुलासा काढला की असं कधी घडलंच नाही. गावानं मात्र अमावास्या-पुनवेनंतर दोन दिवस खाडीत जाळं टाकणं सोडलं. आईची पाटी पुन्हा रिकामी होऊन येऊ लागली. मला वाटलं, जिंकले.

कार्तिकात साहेबानं रजा काढली. बरोबर अष्टमीला, एडवणच्या कोणाच्या तरी बोटीतून, दाढा धरला. कॉलनीत फोटो फिरला, आईला तो मुद्दाम दाखवला गेला.

आणि पुढच्याच पंचमीला वडिलांच्या जाळ्यात मेलेले मासे आले. मग एकादशीला. मग दोन दिवस सलग. त्यांनी टाकी सोडायचं थांबवलं नव्हतं, फक्त दिवस ठरवणं थांबवलं होतं.

“तुज्या कागदानं आमची तिथी नेली,” आई म्हणाली आणि वास येणारी पाटी वाळूत उपडी केली.

तिचं म्हणणं खरं होतं. पण म्हणून मी गप्प बसायला हवं होतं, हे मी मान्य करणार नाही. वडील आता जाळं टाकण्याआधी ओंजळीत खाडीचं पाणी घेतात, नाकाशी नेतात, आणि काठावर उभ्या असलेल्या आईकडे बघून मान हलवतात. कधी हो. बहुतेकदा नाही. ‘नाही’च्या तारखा मी लिहून ठेवते आहे.