काडी आणि कडी

आमचे मिस्त्री चाचा जीपखाली शिरले की बाहेर उरायचे फक्त दोन पाय आणि खोकला. काम कसं चाललंय ते मी त्या खोकल्यावरून ओळखायची.

चामोर्शीत नवी सून म्हणून आले तेव्हा एवढी अक्कल नव्हती. आमच्या यांची जीप भामरागडकडच्या नाल्यांचं पाणी पिऊन परतली होती. चाचा खालूनच ओरडले, "बाई, मांगं जंग लागली!" मी वरोऱ्याची, स्वतःला मोठी शहाणी समजणारी. जंग म्हणजे लढाई. मी मागच्या दाराला कडी घातली आणि सासूबाईंना पलंगाखाली जायला सांगितलं. चाचा मागच्या एक्सलच्या गंजाबद्दल बोलत होते. पुढे भेटतील तिथे विचारायचे, "काऊन बाई, कडी लावली का?"

हे गेले आणि जीप शेडमध्ये बसली ती बसलीच. गेल्या उन्हाळ्यात मी म्हटलं, "चाचा, हिला उभी करा. एकदा तुमच्यासोबत भामरागडला जायचंय."

"पाण्याआधी नेतो," म्हणाले.

आता खोकला थांबत नव्हता. धूळ आणि रंग दोन्ही डॉक्टरांनी बंद केले होते. "मले बी आतून जंग लागली, बाई. तिथं ब्रश पोचत नाई." मी दुसरा माणूस बघते म्हटलं. "दुसरा गंजावरच रंग मारते," एवढंच बोलून ते खाली शिरले.

पुढचा एक्सल झाला. मागचा त्यांनी तारेच्या ब्रशने घासला, थिनरने पुसला, रंगाखालचं लाल अस्तर दिलं. रंगाआधी एक्सलच्या पाठीवरच्या बारीक भोकात आगकाडी खोचायची, ही त्यांची जुनी सवय. ते भोक रंगाने बुजलं की आतली गरम हवा कोंडते आणि तेल बाहेर फुटतं. "हा त्याचा श्वास आहे. रंग सुकला का काडी काढा लागते." लोखंड कुठं श्वास घेतं, म्हणून नवी असताना मी पदर तोंडात धरून खिदळले होते.

काळ्या रंगाचा हात मारून ते टेकत टेकत उठले. "उद्या येतो काडी काढाले."

सकाळी त्यांची सून आली. पहाटे श्वास कोंडला, म्हणाली.

कब्रस्तानातून माणसं परतल्यावर मी शेडमध्ये गेले. या गुडघ्यांनी जीपखाली शिरायचं म्हणजे तमाशाच. बघायला कोणी नव्हतं. चाचपडत काडी सापडली. ओढली. आडोशाचा रंग अजून ओला होता, बोटाला लागला.

बाहेर आले. शेडच्या दाराला कडी लावली नाही.