चार जवाई, एक रजिस्टर

गडचांदूरकडच्या आमच्या सिमेंट कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये इतके किस्से साठलेत, की सगळे लिहून ठेवायचे म्हटलं तर डिस्क कमी पडेल!

आमचा सर्व्हर ट्रकांचा वजनकाटा चालवतो. त्यावर जावा या संगणकभाषेतले चार प्रोग्राम. एकानं जरी जास्त मेमरी खाल्ली, तरी काटा बंद आणि गेटपासून हायवेपर्यंत ट्रकांची रांग. म्हणून आमचे ऑपरेटर रामटेके भाऊ दर अर्ध्या तासानं स्क्रीनवरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवतात. कोणी किती मेमरी खाल्ली, किती सीपीयू ओढला. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः आखलाय : 'कोणाच्या सांगण्यावरून मारला'. मारला म्हणजे प्रोग्राम बंद केला. सहीशिवाय भाऊ कोणालाच मारत नाहीत.

*

ऑडिटवाले रजिस्टर पाहून भडकले. "तीनशे ऐंशी टक्के सीपीयू? शंभराच्या वर टक्के असतात का?"

"सीपीयूत चार कोर हायेत साहेब, एकेकाचे शंभर, चौघांचे मिळून चारशे," भाऊ म्हणाले. "आपल्या ऑफिसात सोळा लोकं मिळून शंभर होत नाई, ते वेगळं!"

ऑडिटवाल्यांनी पान उलटलं.

*

जावाच्या मेमरीला हीप म्हणतात. एकदा तो भरला. त्यात काय साठलंय त्याची फाइल काढायची, तिला म्हणतात डंप. मी फोनवर ओरडले, "हीप फुल झालाय, लगेच डंप घ्या!" घाईत फोन लागला होता कोळसा यार्डात.

वीस मिनिटांनी दारात डंपर उभा! ड्रायव्हर विचारतो, "मॅडम, ढीग कुठी हाय?"

भाऊंनी त्याला चहा पाजला आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, 'डंपर रिकामा परत.'

*

मॅनेजरनं वैतागून मेमरी दुप्पट करून दिली. आठवड्यात तीही फस्त!

"साहेब, हा जावा नाई, जवाई हाय," भाऊ म्हणाले. "वाढाल तितकं खाते अन् पाटावरून उठत नाई!"

तेव्हापासून आमच्याकडे चार जवाई नांदतात.

*

मग मुख्य ऑफिसनं ठरवलं, आकड्यांवर सॉफ्टवेअर नजर ठेवेल आणि भाऊ गोदामात पोती मोजतील. मला रडू येत होतं, रागही येत होता. भाऊ मात्र रजिस्टर घरी न्यायला पिशवी तेवढी घेऊन आले.

नागपूरहून साहेब आले. सॉफ्टवेअर टाकलं. भिंतीवरच्या टीव्हीवर सगळे दिवे हिरवे. "आता इथं माणसाची गरजच नाही!" साहेब म्हणाले.

दहा मिनिटांत काटा बंद. गेटवर हॉर्नचा गोंधळ. टीव्हीवर मात्र सगळं हिरवं!

भाऊ आपल्या जुन्या स्क्रीनपाशी गेले. "साहेब, आपले चारही जवाई उपाशी बसून राह्यले. हा पाचवा कोण व्हय? सगळी मेमरी यानंच खाल्ली."

साहेबांनी वाकून नाव वाचलं. त्यांचंच सॉफ्टवेअर. तेही जावाचंच!

"मग बघता काय? मारा त्याला!"

भाऊंनी सावकाश पिशवीतून रजिस्टर काढलं, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन पुढे केला.

"इथी सही करा, साहेब."