अक्काची चूक

बाईंना दिसत नाही, हे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. समोर माणूस उभं आहे एवढं त्यांना कळायचं. कोण आहे ते आवाजावरून. पण दहा पोरी चाळ बांधून उभ्या केल्या, तर त्यांतली कोण मात्रेच्या मागे पडली हे त्या सुपारी कातरता कातरता सांगत. नागपूरचं राज्य होतं तोवर त्या तिथल्या दरबारात नाचत होत्या. राज्य गेलं, मग हळूहळू डोळे गेले, आणि एक लेक, एक म्हातारा तबलजी नि चाळांची पेटी घेऊन त्या अमरावतीला आल्या. त्यांच्या लेकीला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती.

मी माळ्याची. माझी आई बाईंच्या घरी रोज मोगरा-शेवंती द्यायची आणि परडी माझ्या डोक्यावर असायची. आई दारात बोलत उभी राही, तोवर मी ओसरीच्या खांबाला धरून आतला ताल पायानं धरायची. एक दिवस बाईंनी आतूनच विचारलं, ही कोणाची पोट्टी, हिचा पाय बरोबर पडते. आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे राहायला गेले. आईनं जातीत सांगितलं, पोरगी गजरे गुंफायला ठेवली आहे. ते कोणाला खरं वाटलं नाही.

मी शिकत होते आणि राबतही होते. सकाळी जमीन सारवायची, बाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायचं, चिंचेनं घुंगरं घासायची, सैल झालेली एकेक काढून दोरीत पुन्हा गाठवायची. चाळाची गाठ अशी मारायची की पाय आपटला तरी सुटू नये आणि रक्तही अडू नये. ती गाठ मला अक्कानं शिकवली. अक्का नाचायची तेव्हा मी मात्रा मोजायची, आणि मोजता मोजता मनातल्या मनात तिच्या शेजारी उभी राहायची. मला एकच हवं होतं. एकदा, भरल्या बैठकीत, तिच्या बाजूला नाचायचं. देवाला मी दुसरं काही मागितलं नाही. तेही मागायला नको होतं.

मग कापसाचे दिवस आले. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला न भूतो असा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याच्या दारात काल शेणाचा सडा पडत नव्हता त्याला लेकाच्या लग्नात नाच पाहिजे झाला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी चारच्या चौदा झाल्या, आणि त्यांतल्या लहानग्या माझ्या गळ्यात पडल्या.

बाईंचा नियम होता की शिकणारणीनं शिकवणारणीच्या मागे उभं राहायचं आणि तिची पाठ पाहून उचलायचं. तोंड पाहून शिकलेला नाच खोटा, असं त्या म्हणत. पण सहा-सात वर्षांच्या पोरी मागे उभ्या केल्या की एक डोकं खाजवणार, दुसरी तिसरीची वेणी ओढणार. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी राहू लागले. तोंड केलं की आलाच घोळ. मी उजवा हात उचलला की त्या डावा उचलत. म्हणून मी तोंडानं ‘उजवा’ म्हणायची आणि स्वतः डावा टाकायची. त्यांना उजवीकडे फिरवायचं तर मी डावीकडे फिरायची. रोज सकाळ-दुपार, अशी चार वर्षं. पोरी झटकन शिकल्या. बाईंनी मला शाबासकी दिली आणि मी फुगले.

अकोल्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं लेकाच्या लग्नाला जोडी मागितली. एक नाचणारीण पुरेना, त्याला दोन हव्या होत्या, कारण दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात एकच होती. बाई शहरातल्या एका दुसऱ्या घरातून पोरगी बोलावणार होत्या. अक्कानं त्यांना सांगितलं, हिला घे, माझ्याशी हिचा पाय जुळतो. बाईंनी मला तासभर नाचायला लावलं, कान देऊन ऐकलं, आणि हो म्हणाल्या. त्या रात्री मी जेवलेच नाही, भूकच मेली होती.

आम्ही तीन महिने तालीम केली. अक्का म्हणायची, तू समोर राहा, मी अर्धं पाऊल मागे राहते. मला वाटायचं, मी नवीन म्हणून तिला लक्ष ठेवायचं आहे. शेवटच्या द्रुत तोड्यात आम्हाला नऊ गिरक्या होत्या, एकीमागून एक, आणि नवव्या गिरकीला दोघींचा पाय एकदम समेवर. आमच्या त्या गिरक्या इतक्या जुळत की तबलजी चाचा डोळे मिटून मान हलवायचे. बाई म्हणायच्या, दोन चाळ नाहीत, एकच वाजतो. मला वाटलं, हे माझं कसब.

अकोल्याला आम्ही बैलांच्या दमणीनं गेलो. वाटेत आगगाडीच्या रस्त्यासाठी खडीचे ढीग पडले होते आणि कापसाच्या गाड्यांच्या रांगा संपत नव्हत्या. अक्कानं माझे पाय आपल्या मांडीवर घेऊन तळव्यांना एरंडेल लावलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, आज तूच नवरी.

व्यापाऱ्यानं चार तख्तं एकाला एक लावून वर गालिचा अंथरला होता. आम्ही उभ्या राहिलो तसा तो माणूस म्हणाला, नावाजलेली आहे ती पुढे राहू दे. अक्का बाईंच्या कानाशी वाकली. आपण मागेच बरी, असं ती म्हणत होती. बाईंनी यजमानाचा शब्द मोडायला नकार दिला. अक्का पुढे झाली आणि मी तिच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे.

सगळं छान चाललं होतं. माणसं माझ्याकडेही पाहत होती, मला ते कळत होतं, आणि अंगात आनंद मावत नव्हता. गिरक्या सुरू झाल्या. तिसऱ्या की चौथ्या गिरकीला माझा खांदा तिच्या खांद्यावर आदळला. अक्काचा तोल मागे गेला, पाय दोन तख्तांच्या फटीत गालिच्यासकट शिरला, अंग फिरलं आणि पाय फिरला नाही. हाड मोडल्याच्या आवाजावर घुंगरांचा आवाज झाला म्हणून तो कोणाला ऐकू आला नाही. मला आला.

बाई बसल्या जागेवरून विचारत होत्या, कोण उलटी फिरली.

अक्का गालिच्यावर पडली होती, ओठ दाताखाली. ती म्हणाली, “मायंच चुकलं, आई. मी उलटी फिरली.”

आणि मला ते खरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. मी बरोबर फिरले होते, अंग सांगत होतं की बरोबर फिरले होते. अकोल्याच्या हाड बसवणाऱ्यानं तिच्या घोट्याला बांबूच्या कांबी बांधल्या, तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते आणि मनात तिच्यावर चिडले होते. जन्मात एकदा मला जागा मिळाली आणि हिनं ती घालवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; मी तर अंगणाला सोडून अक्कालाच वाकडं ठरवलं.

हाड वाकडं जुळलं. अक्का टाच टेकवू शकत नव्हती. बाई तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मीही कामापुरतंच बोलायची. ती सारवायला बसली की मी म्हणायची, राहू दे, तुला जमणार नाही, आणि ते बोलताना माझा आवाज कसा असायचा ते मला ठाऊक आहे. शेवटी बार्शीटाकळीला तिची मावशी होती, भाजीचा मळा करणारी, तिच्याकडे अक्का गेली. जाताना आपले चाळ तिनं माझ्या खुंटीला अडकवले. मी तिला निरोप द्यायला वेशीपर्यंतसुद्धा गेले नाही. पोरींचा तास चालू आहे म्हणाले.

तिच्या जागी मी नाचू लागले. एकटीच. लोकांना मी आवडले.

दोन वर्षांत कापूस बसला. काप गेले नि भोकं राहिली, तशी गत झाली सगळ्यांची. पोरी कमी झाल्या, आमंत्रणं कमी झाली. एका लग्नासाठी पुन्हा जोडी ठरली तेव्हा मी शिकवलेल्यांपैकीच एक, बारा-तेरा वर्षांची, माझ्या शेजारी घेतली. बाई आंघोळीला गेल्या होत्या. चाचांनी द्रुत धरली आणि पहिल्याच गिरकीला त्या पोरीचा हात माझ्या तोंडावर बसला.

पोरगी घाबरून म्हणाली, ती उजवीकडेच फिरली. मी तिला रागावले. चाचांनी मला एकटीला फिरायला सांगितलं. सावकाश लयीत मी उजवीकडे फिरले. मग त्यांनी लय चढवली. चढवता चढवता थांबले आणि तबल्यावर हात ठेवून मला म्हणाले, “बेटी, तू तो उलटी घूम रही है. मैं समझा बाई ने ऐसाच सिखाया.” मग त्यांनीच हळू विचारलं, “अकोले में भी ऐसीच घूमी थी क्या?”

चार वर्षं पोरींकडे तोंड करून मी जे केलं होतं ते अंगात मुरलं होतं. सावकाश नाचताना डोकं अंगाला सांभाळायचं. वेग आला की अंग आपलं खरं करायचं, आणि त्याचं खरं डावीकडे होतं. बाईंना घुंगरं ऐकू येत. गिरकी कोणत्या अंगानं गेली ते ऐकू येत नाही.

मी बार्शीटाकळीला गेले. कापसाची रिकामी गाडी परत चालली होती, तिच्यात बसून गेले. अक्का मळ्यात वांग्यांना पाणी देत होती. एका पायाच्या चवड्यावर चालत पुढे आली, माझं तोंड पाहिलं आणि पाण्याचा पाट तसाच सोडून खाली बसली. मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं की कसं, आठवत नाही. तिला नवल वाटलं नाही.

“मले माईत होतं,” ती म्हणाली. “तीन महिने तुयाकडं पाहून पाहून मी बी उलटीच फिरत होती. आईले सांगतलं असतं तं तिनं तुले नेलं नसतं.”

म्हणजे ती मागे राहायची ती त्यासाठी. मी डावीकडे जायची आणि ती मला पाहून, नऊच्या नऊ गिरक्या, आपलं शिकलेलं मोडून माझ्यामागे डावीकडे यायची. त्याला मी माझं कसब म्हणत होते. अकोल्यात ती पुढे होती, मी तिला दिसत नव्हते. मी डावीकडे जाईन की उजवीकडे, हे तिला तिथं कळायला मार्ग नव्हता. तिनं उजवीकडचं धरलं, कारण तिला वाटलं एवढ्या लोकांत तरी मी सरळ फिरेन.

मी म्हटलं, आत्ता चल, बाईंना मी सांगते. तिनं माझं मनगट धरलं.

“सांगू नको. आईचं घर तुया पायावर हाय. तिनं तुले काढलं तं ती खाईन काय? माया पाय तं गेलाच हाय व.”

मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला वांगी बांधून दिली आणि भाकरी खाऊन जा म्हणाली. मी जेवले, आणि परत आले, आणि सांगितलं नाही. तिनं नको म्हटलं म्हणून सांगितलं नाही, असं मी कितीदा तरी स्वतःला पटवलंय. खरं कारण हेही होतं की मला भीती वाटत होती, आणि मला नाचायचं होतं. गिरकी सुधारायला मला वर्ष लागलं. भिंतीकडे तोंड करून, एकटीनं.

त्यानंतर बाईंनी जितक्या पोरी घेतल्या तितक्यांना त्या गिरकीच्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. माझी पोटची पोरगी, माझ्या हातची, अकोल्यात उलटी फिरली आणि पाय मोडून बसली. आणि ही माळ्याची पोर कधी चुकली नाही, हिच्याकडे पाहून शिका. पोरी माझ्याकडे पाहत. मी मात्रा मोजायला सुरुवात करायची.

शेवटच्या दुखण्यात बाईंनी अक्काला बोलावून घेतलं. ती आली, बाजेशी बसली. बाईंच्या आवाजात दम राहिला नव्हता, पण ते एक त्यांच्या मनात अडकलं होतं. म्हणाल्या, तुया नाचासारखा नाच मी कोणाचा ऐकला नाई, मंग त्या दिवशी तू उलटी काहून फिरली.

मी बाईंचे पाय चेपत होते. अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “चुकलं मायं, आई,” ती म्हणाली.

बाईंनी हात पुढे केला आणि तिचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग म्हणाल्या, “जाऊ दे. मी माफ केलं तुले.”

मी पाय चेपत राहिले.