तळोद्याचे चाळीस घोडे

घोडदळ आणायला पुण्याहून तळोद्याला निघालेला अलीकडच्या काळातला मी एकटाच असेन. माझे घोडे चार बोटं उंचीचे होते आणि मातीचे होते, ही गोष्ट मी प्रवासात फारशी कुणाला सांगितली नाही.

आमचं एक मंडळ आहे. दर रविवारी तात्यांच्या माडीवर पाच पोक्त माणसं जमतात आणि मोठ्या टेबलावर शिशाचे शिपाई मांडून लढाई करतात. फूटपट्टीनं चाल मोजायची, फासे टाकायचे, पडेल त्याला आडवं करायचं. मधल्या सुट्टीत चहा. विलायती कारखान्यांना मराठा स्वार ठाऊक नाही, हे आमचं जुनं दुखणं. डबा उघडावा तर उंच टोपीचे गोरे निघतात. म्हणून तात्यांनी भिंतीवर एक कागद डकवला आहे, ज्याला जे हवं ते त्यानं लिहावं. तात्यांना पाठीवर तोफ लादलेले उंट हवेत. डॉक्टरांना अंबारीचा हत्ती हवा, तोही सोंड वर केलेला. वामनरावांकडे सगळंच आहे, त्यांना फक्त हरणारा शत्रू हवा असतो आणि तो मी आहेच. माझ्या नावापुढे सहा वर्षं एकच ओळ आहे: मराठी घोडे, चाळीस.

तोवर माझं घोडदळ बाटलीच्या बुचांचं होतं, पायांच्या जागी टाचण्या. त्यात आता खरी लढाई पेटल्यामुळे शिसंच मिळेनासं झालं. गेल्या होळीच्या लढाईत तर वामनरावांच्या शिंकेनं माझी डावी बगल उडाली. यंदाही हरलो तर मराठी फौज आपण चालवणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मला हे फार लागलं.

अशात माझा मावसभाऊ दत्तू भेटायला आला. तो तळोद्याकडे जंगलखात्यात आहे. त्यानं पिशवीतून कान तुटलेला एक मातीचा घोडा काढला. आखूड मान, फुगलेली छाती, चालण्याचा तोरा. अस्सल आपला! तिकडची एक कुंभारीण करते म्हणाला. मी तिथल्या तिथे चाळीस सांगितले आणि होळीच्या पंधरा दिवस आधी स्वतः न्यायला निघालो.

निघताना वहिनींनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. त्या माझ्या थोरल्या भावाच्या मागे आमच्याकडेच असतात. त्यांचा मधू ब्रह्मदेशाच्या बाजूला खऱ्या पलटणीत आहे. पाच महिने त्याचं पत्र नाही. आमच्या घरात हा विषय निघत नाही, फक्त टपालवाल्याची वेळ झाली की सगळे उगाच ओटीवर येतात. लहानपणी मधू माझ्याच शिपायांत वाढला, त्यामुळे वहिनींच्या नजरेला नजर देणं मी टाळत आलो आहे.

आता जाणाऱ्यांसाठी माहिती. दौंड, मनमाड करत जळगाव गाठावं आणि तिथून सुरतेकडची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गात बसायला मिळतं, पाठ टेकायला मिळेलच असं नाही. अमळनेरला भजी बरी. दोंडाईच्यापासून मिरचीचा ठसका सुरू होतो आणि नंदुरबारला तर फलाटावरच पोती रचलेली असतात. नाकाला रुमाल लावून उतरावं. स्टेशनासमोरच्या खाणावळीत सहा आण्यांत कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा मिळतो. ठेचा ‘थोडा’ मागावा, आणि तोही निम्मा परत करावा.

पुढची मोटार पेट्रोलअभावी कोळशाच्या धुरावर चालते. मागच्या बाजूला एक भट्टी, तिला क्लीनर सळईनं ढोसत असतो. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं, तिकीट मात्र पूर्ण. माझ्या शेजारी कोरीटचा एक शेतकरी होता, डोक्याला पांढरं पागोटं, मांडीवर गुळाची ढेप.

“कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?” त्यानं विचारलं.

“तळोद्याला. घोडे आणायचे आहेत.”

“घोडा? कितला?”

“चाळीस.”

त्यानं माझ्या धोतराकडे, चष्म्याकडे आणि मग भट्टीकडे पाहिलं. “बरं करी ऱ्हायनात,” तो म्हणाला. “येवानी बखतले तरी ढकलनं पडाव नही.”

तापीशी मोटार संपते. नावेतून पलीकडे जायचं आणि तिथून बैलगाडी. तापीचं पाणी त्या दिवसांत उथळ आणि निळं असतं, वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले असतात. समोर सातपुडा. खरं सांगतो, मी त्या डोंगराकडे पाहून मनातल्या मनात तोफा कुठे चढवायच्या ते ठरवत होतो. घोडदळ मिळण्याच्या आनंदात माणसाला दुसरं काय सुचणार!

कुंभारीण तळोद्याच्या अलीकडच्या वस्तीत राहते. नाव काशीबाई, वय माझ्याएवढंच, हात कोपरापर्यंत मातीचे. दत्तू जंगलात दौऱ्यावर होता, म्हणून मी एकटाच गेलो.

“पुन्याना साहेब तुम्हीच का? या, बसा,” ती म्हणाली. “महिना व्हयना, घोडा तयार शेत.”

छपराखालच्या वरच्या फळीवर ते उभे होते. चाळीस! एकही दुसऱ्यासारखा नव्हता. कुणाची मान वळलेली, कुणाचा पाय उचललेला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे वामनरावांचा चेहरा आला आणि अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात सातपुड्यातल्या काठी गावाकडचा एक म्हातारा डोंगर उतरून आला. तो आपल्या बोलीत हळू काही बोलला. काशीबाईनं खालच्या फळीवरचा एक घोडा त्याला दिला. त्यानं तो कोऱ्या फडक्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि आला तसा चालू लागला.

“त्यानी पोर तापमा व्हती,” काशीबाईनं मला सांगितलं. “बरी व्हयनी. आते देवले घोडा वाही दी.” मग तिनं हात पुसत सहज विचारलं, “तुम्हनं काम व्हयनं का?”

“कसलं काम?”

“नवसनं. काम व्हवाबिगर घोडा कसा लई जाशात?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे घोडे नवसाचे. मागणं पुरं झालं की माणूस येतो, घोडा नेतो आणि डोंगरावरच्या देवापुढे ठेवतो. आधी काम, मग घोडा. दत्तूनं नुसता निरोप टाकला होता, आणि आधीच चाळीस सांगणारा माणूस केवढ्या मोठ्या संकटात असेल, या विचारानं या बाईनं पंधरा दिवस दुसरं काही घडवलं नव्हतं. पैसेही तिनं घेतले नव्हते. काम झाल्यावर द्यायचे म्हणे.

आता तिला फूटपट्टी आणि फासे कसे समजावणार? तरी मी म्हणालो, “बाई, आम्हाला ते खेळात लागतात. लढाईच्या खेळात.”

ती हसली. पुण्याचा साहेब लाजून दुःख लपवतो आहे, असं तिला वाटलं असावं. “मन्हा हातना घोडा खेळाले जात नही, भाऊ. सांगा, कोना नवस शे?”

माझ्या तोंडून नाव निघून गेलं. “मधूचा. माझा पुतण्या. लढाईवर आहे.”

काशीबाई एकदम खाली बसली. “एक मानूसले चाळीस घोडा?”

“त्याच्याबरोबर बाकीचेही आहेत,” मी म्हणालो. पत्रांतून ठाऊक असलेली माणसं मला आठवू लागली. साताऱ्याचा हवालदार, भात करपवणारा आचारी, रात्रंदिवस शिट्टी वाजवणारा कुणी बाबू. नऊ-दहा झाली आणि थांबलो. पुढचे मला ठाऊक नव्हते.

“मंग घर उना का तो?” तिनं विचारलं.

वाचकहो, इथे नीट लक्ष द्या. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एवढ्या एका अक्षरावर चाळीस घोडे माझे होते, होळीची लढाई माझी होती, वामनरावांची जिरली होती. बाई तर तोंड गोड करायला गूळ आणायला उठलीसुद्धा होती. व्यवहारात मी काही हरिश्चंद्र नाही. येताना मोटार ढकलण्याच्या वेळी गुडघा दुखतो असं खोटंच सांगून मी आतच बसलो होतो. पण ते ‘हो’ माझ्या तोंडून निघेना. मधू घरी आला, हे खोटं म्हणायला माझी जीभच उचलेना. मला रडू आलं आणि मी ते तिच्यासमोर लपवूही शकलो नाही.

“नाही आला,” मी म्हणालो.

तिनं गुळाचा डबा परत ठेवला. “ई जाई. तो उना का मंग या. घोडा फळीवरच ऱ्हातीन, कोनले देवाव नही.” मग जरा विचार करून तिनं कोपऱ्यातून तीन घोडे काढले, दोन शेपटी तुटलेले, एक तीन पायांचा. “फुटेल देवले चालत नही. ह्या लई जा तुम्हना खेळले.”

परतीचा प्रवास तसाच, फक्त चढावर या वेळी मी उतरून ढकललं.

होळीची लढाई मी पाऊण तासात हरलो. तीन पायांचा घोडा पहिल्याच चालीत वामनरावांनी फाशांनी पाडला, म्हणजे तो आधीच पडलेला होता. मराठी फौज त्यांच्याकडे गेली. त्यांनी बुचांची फौज पाहून मराठा स्वार मागवायला विलायतेला पत्र लिहायचं ठरवलं आहे. डॉक्टरांचा हत्ती अजून कागदावरच आहे.

घरी वहिनींना मी सगळं सांगितलं. पाच महिन्यांत प्रथमच आमच्यात मधूचं नाव निघालं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

“भावोजी, तुम्ही हो म्हणाला असता तर?”

“घोडे मिळाले असते.”

“आणि मग मी घरात बसून कुणाची वाट पाहिली असती?” त्या म्हणाल्या आणि त्यांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं.

भिंतीवरच्या कागदावरची माझी ओळ मी खोडलेली नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर ठेचा जपून खा, तापी सकाळीच ओलांडा आणि काशीबाईच्या छपराखाली वरची फळी पाहून या. घोड्यांची किंमत विचारू नका, ते विकायचे नाहीत. आणि फळी रिकामी दिसली, तर मला पत्र टाकायची तसदी घेऊ नका. मला आधीच कळलेलं असेल.