छातीपर्यंतची ओल

इथले बरेचसे अनुभव वाचताना मला हसू येतं. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची बाइक घाटात आपोआप बंद पडते... अरे बाबा, प्लग साफ कर! माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच चीड येतेय.

ज्या ओढ्यावर पाणी मोजायची काहीच सोय नाही, त्याला पूर किती येईल ते शेजारच्या मोजलेल्या नदीवरून कॉम्प्युटरवर काढायचं, हे माझं काम. सासुरवाडी खर्ड्याजवळ. मेहुण्याला, संतोषला, ओढ्याकाठच्या सपाटीवर पोल्ट्रीचं शेड टाकायचं होतं. झोपायलाही तो तिथेच राहणार होता. पाणी कुठवर चढेल हे विचारायला सासरे चक्क देवीला कौल लावायला निघाले! म्हटलं, "मग घरात इंजिनिअर जावई कशाला केलात?"

माझं उत्तर स्पष्ट होतं — पाणी त्या जागेपर्यंत पोचतच नाही.

खात्रीसाठी मे महिन्यात भर दुपारी लेव्हल घ्यायला, म्हणजे ओढ्यापासून ती जागा किती उंच आहे ते मोजायला गेलो. ओढा ठणठणीत कोरडा. संतोष शेडच्या जागी आकड्यांची उंच पट्टी धरून उभा, मी लांबून दुर्बिणीत बघतोय. रीडिंग झालं, त्याला हाक मारली... तो आला तो छातीपासून खाली निथळत. वर सदरा कोरडा, खाली चिंब, मधे गाळाची सरळ रेघ, पाठीवरूनही फिरलेली. पट्टीवर तेवढ्याच उंचीला तीच रेघ.

"हे काय रे?"

"घाम हाय वो दाजी. लई ऊन हाय." सदरा पिळला आणि हा प्राणी निवांत चहाला चालू लागला!

घरी मी थाप मारली, "हिशोब परत केला, शेड वर माळावर घ्या." दाजींचा शब्द कोण मोडणार? तेव्हापासून संतोष माळावर टँकरने पाणी नेतोय, आणि ओढ्याचं पाणी एकदाही त्या सपाटीवर आलेलं नाही. म्हणजे माझं गणित बरोबरच होतं. सासुरवाडीत आता "दाजींचा कॉम्प्युटर भित्रा हाय" म्हणून हसतात. हसू देत लेकाचे.

परवा त्याचा फोन आला. "दाजी, औंदा शेड खाली घेऊ का? तुमी फकस्त व्हय म्हना."

गणित आजही हो म्हणतंय. मी "नको" म्हटलं.

"का पन?"

मी फोन कट केला. लिंबू-मिरचीचे उपाय सुचवणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं. मला फक्त संतोषला सांगता येईल असं एक कारण हवंय, आणि ते माझ्याकडे नाही.