गाडी लागत न्हाई

शिवकन्या उदगीरची. वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान. चार वर्षांपूर्वी ती नांदेडला आमच्या छोट्या अभ्यास संस्थेत आली. इस्लापूरकडच्या वाड्यांतल्या मुली दहावीच्या आत शाळा का सोडतात, हे शोधून जिल्ह्याच्या बैठकीत मांडायचं काम गेल्या वर्षी तिच्याकडे आलं.

एकशे ऐंशी आयांशी बोलून तिनं मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. नाव-गाव तिच्या वहीत, रेकॉर्डिंगवर नुसते क्रमांक. एवढं ऐकून उतरवायला आम्हाला पूर्वी तीन महिने लागत. या वेळी तिनं ते एआयला दिलं. दोन दिवसांत सगळं टाइप होऊन कारणांचे गट पडले. लग्न, घरकाम, खर्च हे तर ठाऊकच होते. चौथा गट निघाला, 'प्रवासात उलट्या'. त्यात एक्केचाळीस मुली.

आमचे प्रमुख दयानंद सर खूश झाले. "हे नवीनच निघालं की! गोळ्या वाटायची शिफारस करू. सोमवारी बैठक हाय, पाठवून टाक अहवाल."

"सर, एवढ्या लेकरांना उलट्या होत असत्या तर माझ्या ध्यानात राहिलं असतं," शिवकन्या म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

ती कानाला हेडफोन लावून बसली. तिसऱ्याच मुलाखतीत एक माय सांगत होती, "पाचला शाळा सुटती अन् गाडी लागत न्हाई. सातपर्यंत पोरीनं फाट्यावर कसं थांबावं?"

बस येऊन उभी राहिली की आपण गाडी लागली म्हणतो. एआयनं मात्र गाडी लागणं म्हणजे मळमळणं एवढंच धरलं, आणि 'न्हाई' सोडूनच दिलं. एक्केचाळीसपैकी खरोखर मळमळणाऱ्या चार निघाल्या. बाकी सदतीस जणींचं दुखणं संध्याकाळच्या बसचं होतं.

शनिवारी ती स्वतः त्या फाट्यावर जाऊन पाच ते सात उभी राहिली. सोबत तारामती होती, याच कारणानं मुलीला नववीतून काढून घेणारी आई. ती म्हणाली, "उजेडात घरी पोचंल अशी एक गाडी द्या, म्याडम. मी पोरीला आडवणार न्हाई."

एआयनं बावीस पानांचा जड मसुदा लिहिला होता. शिवकन्यानं त्याच्याकडूनच तो नऊ पानांवर आणून घेतला आणि वाक्यन् वाक्य मूळ मुलाखतींशी ताडून पाहिलं. एआयची झालेली चूकही शेवटच्या पानावर लिहिली.

"ते कशाला दाखवायचं?" सर कुरकुरले.

"दाखवलं न्हाई तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवंल?"

बैठकीत अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. "हे सगळं कॉम्प्युटरनं काढलंय ना?"

"गट त्यानं पाडले, साहेब. चुकलेले मी दुरुस्त केले. कुठं चुकलं ते पान नऊवर हाय."

साहेबांनी पान नऊ उघडलं, दोनदा वाचलं आणि हसले. मग तिनं 'गाडी लागत न्हाई' म्हणणाऱ्या त्या मायचं रेकॉर्डिंग तिच्या परवानगीनं ऐकवलं.

सव्वापाचची बस तीन महिन्यांसाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. जूनमध्ये अकरा मुली शाळेत परतल्या, तारामतीची त्यात होती. बाकीच्यांपैकी सहा जणींची लग्नं होऊन गेली होती. तेही शिवकन्यानं पुढच्या टिपणात लपवलं नाही.

सध्या ती निलंग्याकडचं काम करून राहिलीय. तिथल्या बोलीत कानडी शब्द लई, म्हणून मुलाखती एआयला देण्याआधी रेवणप्पा नावाच्या निवृत्त मास्तरांपाशी बसून ती त्या शब्दांची वही भरतेय.